किकुनोचा अंगठा

युद्ध संपलं आणि हिएदा गावातले पुरुष एकेक करून घरी परतू लागले. कुणी चीनमधून आला, कुणी दक्षिणेकडच्या बेटांवरून. कुणी पाय गमावून आला, कुणी नुसतंच बोलणं. गावात मातीकामाखेरीज दुसरा धंदा नव्हता, त्यामुळे दोन दिवस अंथरुणाला पाठ टेकली की प्रत्येकाची पावलं आपोआप इवानागांच्या भट्टीकडे वळायची. तिथे गेल्यावर पहिली गोष्ट दिसायची ती अशी, की यासुकेच्या चाकावर यासुकेची बायको बसली आहे.

त्या डोंगरात बाईने चाकावर बसायचं नाही असा रिवाज होता. बाईने माती कुटावी, चाळावी, तुडवावी, लाकडं वाहावीत, ओली भांडी फळीवर मांडून उन्हात न्यावीत. चाक मात्र पुरुषाचं. पण पुरुष लढाईवर गेले आणि लष्कराला तेजाबाचे बुधले हवेत असा वरून हुकूम आला, तेव्हा कुणी रिवाजाचं नाव काढलं नाही. किकुनोने पदर खोचावा तशा किमोनोच्या बाह्या दोरीने मागे बांधल्या, नवऱ्याच्या चाकावर बसली आणि बुधले करू लागली. पहिले वाकडे झाले. मग सरळ झाले. मग इतके सरळ झाले की बघणारेच गप्प झाले.

भट्टीचे मालक इवानागा गेंझाबुरो. त्या घराण्यातले अकरावे. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. हातात कला, बोलणं मोजकं, आणि कुणाला वाईट बोलायचं तर आधी घसा खाकरायचा स्वभाव. ते चाकापाशी आले आणि घसा खाकरला.

"किकुनो, आता उठ. माणसं परत आली."

"ज्याचं हे चाक आहे, तो आला का?"

"अजून नाही."

"तो आला की उठेन."

यासुके ब्रह्मदेशात गेला होता. पुढच्या वर्षी त्याची सरकारी पेटी आली. पांढऱ्या फडक्यात बांधलेली. किकुनोने आणि तिच्या सासूने ती उघडली, तर आत अस्थी नव्हत्या. कुठला तरी एक दगड होता. सासू तो दगड हातात घेऊन बराच वेळ बसली आणि म्हणाली, "हा आपल्याकडचा नाही. आपल्याकडचा दगड तांबूस असतो." दिवस झाले, धूप जळून संपला, आणि किकुनो पुन्हा जाऊन चाकावर बसली.

गुरुजींनी पुन्हा घसा खाकरला. "आता काय?"

"आता तर तो यायचाच नाही," किकुनो म्हणाली. "म्हणजे मी उठायचंच नाही."

गुरुजींनी तिला बसू दिलं. दया आली म्हणून असेल, किंवा हात चांगला होता म्हणून असेल. पण रिवाजाचीही थोडी लाज राखायला हवी. म्हणून तिला मोठं काम द्यायचं नाही असं ठरलं. पाण्याचे घडे, चहाचे कटोरे, फुलांची पात्रं ही पुरुषांची. मोठ्या भांड्यांमधल्या फटीत भट्टीत जो चिल्लरखुर्दा बसवायचा, तो किकुनोचा. म्हणजे लोणच्याच्या बशा, सोयाच्या वाटुल्या, आणि साके ही तांदळाची दारू पिण्याचे प्याले.

प्याला म्हणजे केवढासा. मुठीत धरला तर दिसणारही नाही. पण त्यातच किकुनोचा जीव रमला. चाकावरून प्याला उचलताना ओल्या मातीवर ती अंगठा जरा जास्त दाबायची. तिथे एक खळगा पडायचा. पिणाऱ्याचा अंगठा आपसूक त्या खळग्यात जाऊन बसायचा, आणि एकदा बसला की प्याला खाली ठेवावासा वाटायचा नाही. वरून गवताच्या काडीसारखा एकच तपकिरी फटकारा, त्यावर राखेची झिलई. यासुके प्यायला बसला की त्याच्या हातातून प्याला निसटायचा. त्याच्यासाठीच तिने हा खळगा पहिल्यांदा मनात योजला होता, असं ती एकदा सासूजवळ बोलली होती. बाकी कुणाजवळ नाही.

वर्षं गेली. देशात पैसा आला. शहरातल्या लोकांना जुन्या भट्टीच्या वस्तूंचं वेड लागलं आणि त्यातही या प्याल्यांचं. इवानागांच्या घरून प्याले लाकडी पेटीत घालून जाऊ लागले. पेटीवर गुरुजी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहायचे: 'गेंझाबुरो'. किकुनोला ते माहीत नव्हतं असं नाही. पेट्या तिच्यासमोरच बांधल्या जायच्या. पण दुकानाची पाटी असावी तशी ती अक्षरं आहेत, असं ती समजून चालली होती.

मग तो शरदातला उत्सव आला.

खालच्या बंदरात उत्सवाचे तीन दिवस प्रत्येक घराचं दार उघडं असतं. ओळखीचा असो, अनोळखी असो, आत या, बसा, खा, प्या. ओनिझुका नावाच्या मासळीच्या बड्या व्यापाऱ्याकडे गुरुजी दरवर्षी जात. त्या वर्षी गुरुजींच्या पत्नीची कंबर धरली होती, म्हणून तिच्याऐवजी तिथल्या स्वयंपाकघरात हातभार लावायला त्यांनी किकुनोला बरोबर नेलं. सकाळपासून ती साके गरम करून सुरया आत पोहोचवत होती. दिवाणखान्यात मधोमध एक अख्खा, माणसाच्या मांडीएवढा मासा शिजवून ठेवलेला, आणि त्याच्याभोवती पाहुण्यांचं कोंडाळं.

त्यात तोक्योहून आलेला एक गृहस्थ होता. चष्मा जाड, आवाज त्याहून जाड. त्याच्या हातात प्याला होता आणि तो सगळ्यांना समजावून सांगत होता. "हा अंगठ्याचा दाब बघा. असा दाब एका आयुष्यात येत नाही. यात अकरा पिढ्या आहेत. काय जोर आहे! हा मर्दाचा अंगठा आहे."

"माझा आहे," सुरई ठेवता ठेवता किकुनो म्हणाली.

"काय?"

"अंगठा. तो माझा आहे." आणि तिने हात वर करून दाखवला.

हशा उसळला. ओनिझुका तर हसता हसता माशावर कलंडायचे राहिले. हसून झाल्यावर सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींच्या जेवायच्या काड्यांमध्ये माशाचा तुकडा अर्ध्यावर थांबला होता. त्यांनी घसा खाकरला.

"किकुनोला आज जरा जास्त झालेली दिसते."

सकाळपासून किकुनोच्या जिभेला थेंब लागला नव्हता. तिने गुरुजींकडे एकदा पाहिलं. मग त्या चष्मेवाल्याच्या हातातून सरळ प्याला काढून घेतला, काठोकाठ भरला, एका घोटात रिकामा केला आणि ताटात पालथा घातला.

"झाली नव्हती," ती म्हणाली. "ही पहिली."

आणि स्वयंपाकघराकडे न वळता ती पाहुण्यांच्या मधून, पुढच्या दाराने बाहेर पडली. उत्सवाच्या ढोलांच्या गर्दीतून, डोक्यावरचं फडकंही न सोडता, डोंगर चढून घरी आली.

उत्सव संपला आणि ती गुरुजींसमोर जाऊन उभी राहिली. ते राख चाळत होते.

"मी केलेल्या प्याल्यांच्या पेटीवर माझं नाव लिहा. दुसरं काही नको."

गुरुजींनी चाळण खाली ठेवली. "माझं नाव काय, माहीत आहे तुला?"

"गेंझाबुरो."

"ते घराण्याचं. आईने ठेवलेलं नाव?"

किकुनोला माहीत नव्हतं.

"कुणालाच आठवत नाही. गादीवर बसलो त्या दिवशी मी ते टाकलं. माझ्या वडिलांनी टाकलं, त्यांच्या वडिलांनी टाकलं. भट्टीत माणसाचं नाव राहत नाही, किकुनो. भट्टीचंच राहतं. मीही माझं दिलंय."

हे खोटं नव्हतं. किकुनोला ते लागलं. ती म्हणाली, "तुम्ही दिलंत, गुरुजी. माझं तुम्ही न विचारता घेतलंत. आणि वर चारचौघांत मला दारुडी ठरवलंत."

यावर गुरुजींनी घसा खाकरला आणि चाळण पुन्हा उचलली.

चाक यासुकेने लग्नाआधी स्वतःच्या हाताने कोरलेलं होतं. त्यावर भट्टीचा हक्क नव्हता. किकुनोने ते उखडलं, दोरीने पाठीला बांधलं आणि भर दुपारी गावाच्या मधल्या रस्त्याने निघाली. चाक चांगलंच जड. कंबरेत वाकून चालावं लागत होतं, पण मान वर होती. माती कुटणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"अगं, कुठे निघालीस हे घेऊन?" एकीने विचारलं.

"घरी. नवऱ्याला घेऊन."

सासू अंगणात बसून खजुरासारखी सुकवायची म्हणून काकी नावाची केशरी फळं सोलत होती. तिचं नाव तोरा. त्यांच्या भाषेत तोरा म्हणजे वाघीण. आपल्या भाषेतला तोराही तिच्यात भरपूर होता. तोंडात दात थोडे आणि तिखट शब्द पुष्कळ. तिने सुनेच्या पाठीवरचं ओझं पाहिलं.

"हे आणलंस. आणि पगार?"

"तो तिथेच राहिला, आई."

"त्यांनी काढलं की तू सोडलंस?"

"मी सोडलं."

"मग ठीक आहे. त्या मुळ्याच्या बरण्या सरकव आणि चाकाला जागा कर. उगाच उभी राहून माझ्या फळांवर सावली पाडू नकोस."

घरामागे, चेस्टनटच्या झाडांत, यासुकेच्या आजोबांची जुनी भट्टी पडलेली होती. उतारावर चढत जाणारी, बांबू उभा चिरून पालथा घालावा तशा आकाराची. बहुतेक कोसळलेली, पण खालचे दोन खण उभे होते आणि त्यात कोल्ह्यांनी संसार मांडला होता. सासूसुनेने आधी कोल्ह्यांना हुसकलं, मग मुळं उपटली, मग माती आणि भाताचा पेंढा कालवून घुमट लिंपायला घेतला. गावाला ते कळायला वेळ लागला नाही.

भट्टीवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष कोमोरी स्वतः चढून आले. कपाळावर घाम, चेहऱ्यावर काळजी.

"तोराआजी, तुम्ही तरी सुनेला समजवा. बाईने भट्टी पेटवली तर आगीची देवी कोपते. सबंध गावाच्या भट्ट्या बसतील."

"देवी बाईच ना?" तोराने विचारलं.

"हो, म्हणून तर. दुसरी बाई दिसली की तिला मत्सर वाटतो."

"मग काडी मी ओढते. माझ्याकडे बघून कुठल्या देवीला मत्सर वाटणार आहे? मेलीला दयाच येईल."

"आजी, थट्टेचा विषय नाही हा."

"मी कुठे थट्टा करतेय? तुमच्या घरी रोज आंघोळीचं पाणी कोण तापवतं, अध्यक्षसाहेब? त्या आगीत देवी नसते का? की ती तेवढ्यापुरती बाहेरगावी जाते?"

कोमोरी गेले, पण जाताना आपला हुकूम सोडून गेले. त्या दिवसापासून डोंगरातल्या कुणी किकुनोला पाइनचं लाकूड विकलं नाही. आणि पाइनशिवाय भट्टी म्हणजे तेलाशिवाय दिवा.

किकुनो बंदरात उतरली. तिथे तोकुजी नावाचा पिंपं बांधणारा कारागीर होता, यासुकेचा बालमित्र. साकेची पिंपं करण्यात त्याचा हात कुणी धरत नसे; पण आता साके काचेच्या बाटल्यांतून यायला लागली होती आणि त्याच्या दुकानात जुन्या, फुटक्या पिंपांचा डोंगर साचला होता.

"वहिनी, हवी तेवढी न्या," तो म्हणाला. "मी तरी ती कुणासाठी राखू? आता लोकांना दारू दिसली पाहिजे. लाकडातून दिसत नाही म्हणतात. अहो, दिसायची का असते ती?"

तोकुजीच्या हातगाडीतून पिंपांच्या फळ्या वर आल्या. पहिली भट्टी लागली. तोराने काडी ओढली. दोघी बायका आळीपाळीने लाकूड टाकत राहिल्या. पण पिंपाचं लाकूड सीडारचं, गवतासारखं भुर्रकन पेटायचं आणि तसंच विझायचं. ज्वाळा मोठ्या, धग थोडी. किकुनोच्या भुवया जळाल्या, तोराचा खोकला थांबेना, आणि भट्टी काही शेवटच्या तापापर्यंत चढली नाही.

भट्टी निवली आणि त्यांनी तिचं लिंपलेलं तोंड फोडलं. आतले प्याले पाहून तोरा एवढंच म्हणाली, "भात कच्चा राहिला गं." झिलई वितळलीच नव्हती. खरखरीत, राखाडी, कुष्ठ झाल्यासारखे प्याले.

अशी बिघडलेली भांडी भट्टीमागे नेऊन फोडायची, मातीत पुरायची आणि त्यांचं नाव काढायचं नाही, ही सगळ्या कुंभारांची रीत. किकुनोने ते सगळे प्याले टोपलीत भरले आणि घरासमोरच्या रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर ओळीने मांडले. अगदी नीट, दुकानात मांडावेत तसे. येणारे जाणारे थबकू लागले. हसू लागले. कोमोरीही आले.

"लाज नाही वाटत, असं चव्हाट्यावर मांडायला?"

"वाटते ना," किकुनो म्हणाली. "घरात ठेवले असते तर रोज मला एकटीलाच वाटली असती. आता गावात वाटून घेऊ."

हिवाळाभर ते प्याले तिथेच राहिले. त्यांच्यात बर्फ साठला, वितळला, चिमण्या येऊन पाणी पिऊन गेल्या. आणि गंमत अशी की रोज बघून बघून लोकांचं हसणं संपलं. माणूस एकाच गोष्टीला किती दिवस हसणार?

तोवर किकुनोला लाकूड सापडलं होतं. समुद्राकाठचा वारा अडवायला लावलेली पाइनची झाडं कीड लागून उभ्या उभ्या मेली होती. सुयांसारखी पानं लाल पडलेली, साल सुटलेली. मेलं झाड अशुभ, म्हणून कुणी हात लावत नव्हतं. बंदराच्या कचेरीला उलट ती तोडून कुणी नेली तर हवंच होतं. किकुनो आणि तोकुजी मिळून महिनाभर ती तोडत आणि ओढत राहिले. लाकूड हलकं होतं, पण आत थोडी राळ शिल्लक होती.

वसंतात दुसऱ्यांदा भट्टी लागली. आधी पिंपाच्या फळ्यांनी तिला हळूहळू तापवलं, मग मेलेले पाइन. तिसऱ्या दिवशी सकाळी धुराड्यातून काळा धूर जाऊन नुसती थरथरती हवा दिसू लागली आणि बाजूच्या छिद्रातून आत पाहिलं तर प्याले पाण्यात बुडाल्यासारखे चमकत होते. तोरा उकिडवी बसून लाकडं फेकत होती आणि प्रत्येक लाकडागणिक कोमोरींच्या एकेका पूर्वजाचं नाव घेत होती.

पुढच्या खणातलं बरंच वाया गेलं. पण मागच्या खणातून जे निघालं ते हातात घेऊन किकुनो भट्टीच्या तोंडाशीच खाली बसली. राखेची झिलई कडेला निळसर झाली होती, मेघ दाटल्यासारखी. अंगठ्याच्या खळग्यात ती साचून दाट हिरवी झाली होती. मेलेल्या झाडांनी असं काही दिलं होतं, जे इवानागांच्या भट्टीत तिने कधी पाहिलं नव्हतं. तोराने एक प्याला उचलून त्यात साके ओतली, प्यायली, आणि विचारलं, "बुडाला नाव घालणार ना?"

"घालीन."

"मग ठळक घाल. माझ्या डोळ्यांना बारीक दिसत नाही."

तेव्हापासून प्रत्येक कच्च्या प्याल्याच्या बुडाशी ती बांबूच्या काडीने तीन साधी अक्षरं कोरू लागली: कि-कु-नो. घराण्यांच्या भारदस्त चित्राक्षरांत नव्हे, तर शाळेतल्या पोराने गिरवावीत तशा लिपीत, जी लिपी तिला येत होती.

प्याले घेऊन ती बंदरातल्या मासळीबाजारात बसली. पेटी नाही, रेशमी फडकं नाही. वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून द्यायची. कोळ्यांना बरं पडलं.

"बाई, याचं बूड भक्कम आहे का? माझी होडी फार हलते," एकाने विचारलं.

"होडी उलटली तरी प्याला उभा राहील."

"मग तू होडीच का करत नाहीस?"

"आधी हा तर घे. होडीचं सासूला विचारून सांगते."

असं करता करता तिचे प्याले बंदरातल्या घराघरांत, नूडलच्या दुकानांत, होड्यांच्या फळ्यांखाली जाऊन बसले. आणि मग फुकुओकाहून एक दलाल वर चढून आला. मऊ बोलणारा, पॉलिश केलेल्या बुटांचा.

"किकुनोबाई, माल उत्तम आहे. पण बुडाला बाईचं नाव बघून गिऱ्हाईक बिचकतं. त्यापेक्षा भट्टीला तुमच्या यजमानांचं नाव द्या. 'यासुके'. युद्धात गेलेल्या माणसाची भट्टी, लोकांच्या काळजाला भिडेल. दहापट दर देतो."

यासुकेचं नाव परक्याच्या तोंडून ऐकून किकुनोने हातातला प्याला खाली ठेवला. तोराही काम थांबवून सुनेकडे बघत होती. शेवटी तो तिचा मुलगा होता.

"तो मेलाय," किकुनो म्हणाली. "एकदा सरकारने त्याला कामाला नेलं. आता तुम्ही नका नेऊ."

दलालाचे बूट आल्या वाटेने खाली गेले. त्या दिवशी तोराने सुनेच्या ताटात स्वतःच्या वाटणीचं लोणचंही वाढलं.

इवानागांच्या घरून प्याले जातच होते. पण दुसऱ्या कुणी केलेल्या त्या प्याल्यांत अंगठा नीट बसत नाही, अशी कुजबुज शहरापर्यंत गेली होती. त्यातच गुरुजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. गादी मुलाकडे आली. आणि एका दुपारी, काठी टेकत, मधे दोनदा बसत, गुरुजी किकुनोच्या अंगणात येऊन उभे राहिले.

तोराने त्यांना बसायला दिलं आणि चहा ठेवला. त्यांनी एक प्याला मागितला. डाव्या हातात घेतला. खळगा उजव्या अंगठ्याचा. त्यांचा अंगठा काही बसेना. ते बराच वेळ तो फिरवत राहिले.

"त्या दिवशी," ते जड जिभेने म्हणाले, "ओनिझुकांकडे. तू प्यायली नव्हतीस. मला माहीत होतं."

किकुनोने चाक थांबवलं. इतकी वर्षं हे शब्द ऐकायची तिची इच्छा होती. आणि आता ऐकले तर बरं वाटण्याऐवजी तिला रागच आला.

"इथे मी आहे आणि आई आहे, गुरुजी. आम्हाला दोघींना ते आधीपासूनच ठाऊक आहे. जिथे बोललात तिथे जाऊन बोला."

"किकुनो!" तोरासुद्धा दचकली. "आजारी माणूस आहे तो."

"आजारी आहेत. मुके नाहीत."

गुरुजी उठले. जाताना वाकून नमस्कार केला, एवढंच.

त्या वर्षीच्या उत्सवात पहिल्याच दिवशी गुरुजी ओनिझुकांकडे गेले. तोकुजी तिथे होता, त्याने रात्रीची वाटही न बघता वर येऊन सगळं सांगितलं. गुरुजी भर दिवाणखान्यात म्हणाले होते, की या घरातल्या प्याल्यांच्या पेट्यांवर माझं नाव आहे, पण प्याले किकुनोचे आहेत. शब्द एकमेकांत अडकत होते, लाळ गळत होती. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ओनिझुका प्रेमाने त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "गुरुजींना आज जरा जास्त झालीय. यांना कुणीतरी घरी पोहोचवा रे."

तोकुजीला वाटलं, किकुनो हसेल. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एकुलता एक चांगला किमोनो घातला आणि आधी इवानागांच्या घरी गेली. गुरुजी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"उठा," ती म्हणाली. "जाऊ या."

"सांगून झालं माझं," ते पुटपुटले. "कुणी ऐकलं नाही."

"मलाही पहिल्यांदा कुणी ऐकलं नव्हतं. उठा."

ती त्यांना धरून खाली घेऊन गेली. ओनिझुकांच्या पुढच्या दाराने आत शिरली, पाहुण्यांना सरकायला लावून गुरुजींना माशासमोर बसवलं आणि स्वतः त्यांच्या उजव्या, निकामी हाताला लागून बसली.

"सकाळ आहे," किकुनो सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "गुरुजींनी काही घेतलेलं नाही. मीही नाही. हवं तर तोंडाचा वास घ्या. बोला, गुरुजी."

गुरुजी बोलले. कालच्यासारखेच अडखळत, एकेका शब्दावर थांबत. वाक्य अडलं की किकुनो वाट बघत बसायची. शब्द पुरवायची नाही. एक पाहुणा हसायला लागला, तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो आपल्या मोज्यांकडे बघू लागला. सगळं सांगून झाल्यावर गुरुजी थांबले, घसा खाकरला, आणि कुणी न विचारताच म्हणाले, "माझं नाव शिनकिची. आईने ठेवलेलं."

ओनिझुका उठले, आतून इवानागांच्या पेट्या आणून त्यांनी समोर ठेवल्या आणि काय करावं ते न सुचून तसेच उभे राहिले. "आता मी यांचं काय करू?" ते म्हणाले.

"प्या त्यातून," किकुनो म्हणाली. "पेटी चुलीत घाला."

ही बातमी फार लांब गेली असं नाही. शहरातल्या काही लोकांनी पेट्या परत पाठवल्या, काहींनी मुद्दाम त्याच पेट्या चढ्या भावाने घेतल्या. इवानागांच्या मुलाने किकुनोशी बोलणं टाकलं ते कायमचं. शिनकिची गुरुजी मात्र पुढची दोन वर्षं, जमेल तेव्हा, वर येऊन अंगणात बसायचे. तोरा त्यांना काकी फळं सोलायला लावायची. डाव्या हाताने सोललेली फळं ओबडधोबड व्हायची आणि ती त्यांना त्यावरून बोलायची. किकुनोने त्यांना माफ केलं की नाही, हे तिने कुणाला सांगितलं नाही. डाव्या अंगठ्याचा खळगा असलेला एक प्याला मात्र त्यांच्याकडे होता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तोरा गेली. शेवटपर्यंत शुद्धीत होती. वैद्याने अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं, तर म्हणाली, "मी उठले नाही तर भट्टी कोण पेटवेल? हिला काडी ओढायला परवानगी नाहीये." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकत हसली.

वसंत आला. भट्टी भरून तयार होती. किकुनो काड्यांची पेटी हातात घेऊन तोंडाशी उभी राहिली. आता देवीची समजूत घालायला म्हातारी नव्हती. तीन दिवस, तीन रात्री एकटीने लाकूड टाकणं माणसाच्या हातचं नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं. तरी तिने काडी ओढली.

धूर वर चढला तसा तो खालून गावातही दिसला असणार. उन्हं वर येता येता चेस्टनटच्या झाडांतून माती कुटणाऱ्या बायका चढून आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. कुणाच्या पाठीवर मूल, कुणाच्या हातात भाताचे गोळे बांधलेलं फडकं. आणि सगळ्यांत पुढे, बाह्या मागे बांधून, कोमोरीअध्यक्षांची बायको.

"घरी विचारून आलात का?" किकुनोने तिला विचारलं.

"विचारायचं काय त्यात? आज त्यांचं आंघोळीचं पाणी गार राहील, तेव्हा कळेल आपोआप." ती लाकडांच्या ढिगाकडे गेली आणि तिने सगळ्यांत जाड ओंडका उचलला. "हं, सांग. कुठल्या भोकातून टाकू?"